लाटांच्या मापाचं वल्हं

प्रिय मुक्ता आणि अर्णव,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. अर्णवचं म्हणणं, डिसेंबरात सोलापूरला येताना आजोबांसाठी लांब पल्ल्याचं वल्हं आणायचं, अरुंद पात्याचं, उंच दांड्याचं, हलकं. मुक्ताचं म्हणणं, त्यांच्याकडे लाटांवरचं चांगलं वल्हं आहे, तेच नीट वापरायला शिकवू. तेवढ्यात तुमचे आजोबा "दूध उतू चाललंय" म्हणून उठून आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

उजनी धरणाचं पाणी पार केल्याचा फोटो तुम्ही कितीदा तरी मागितलात आणि दर वेळी त्यांनी विषय बदलला. तो फोटो नाहीच. का नाही, हे तुम्ही नवं वल्हं विकत घेण्याआधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून आता लिहायला बसले. त्यांना विचारूनच लिहिते आहे. म्हणाले, "लिही. पण खानावळीतल्या जेवणाचंही लिही, नाहीतर पोरं शेवटपर्यंत वाचायची नाहीत."

सुरुवात तुम्हीच करून दिलीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुमच्या घरामागच्या खाडीत तुम्ही त्यांना पाण्यावर तरंगणाऱ्या त्या लांबट बोर्डावर उभं केलंत, हातात वल्हं दिलंत आणि सोडून दिलंत. ते पडले नाहीत. परत आल्यावर सोलापूरच्या उन्हात, पंख्याखाली बसून, त्यांनी मला सांगितलं की भीमेवरच्या धरणाचं पाणी करमाळ्याच्या बाजूने पलीकडे उभ्याने पार करायचं. लोक तिथे लाँचने जातात, मोटारसायकली लाँचवर चढवतात. हे बोर्डावरून जाणार, आणि पलीकडच्या काठावरून तुम्हाला फोटो पाठवणार. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी इतक्या हट्टाने काही मागितलं नव्हतं.

किनाऱ्यावर

बोर्ड मागवला तो पंपाने फुगवायचा, घडी घालून पिशवीत मावणारा. त्याच्याबरोबर एक वल्हं आलं होतं. तीन तुकडे एकमेकांत घालून खटका दाबायचा, म्हणजे हवं तसं लांब-आखूड होतं. आजोबांनी ते दोन दिवसांत नापास केलं. "जोड आला की खेळ आला, सांधा ढिला होणारच," म्हणाले. गिरणीत मेंटेनन्समध्ये जन्म गेल्यामुळे प्रत्येक वस्तूचे सांधे ते आधी हलवून बघतात. मीही त्यांच्याच बाजूची. तीन घड्यांच्या छत्रीवर माझा कधी विश्वास बसला नाही. स्टुलावर चढून मी ते वल्हं माळ्यावर टाकलं, आणि एकसंध दांड्याचं वल्हं घ्यायला नवरात्र संपताच आम्ही मालवणच्या बाजूला निघालो. तिथे एक बाई लाटांवरचे बोर्ड शिकवतात आणि वल्हं माणसाच्या मापाने कापून देतात, असं कळलं होतं.

गाडी भाड्याची केली. मला जरा नवल वाटलं, कारण घाटात दुसऱ्या कुणी गाडी चालवलेली त्यांना खपत नाही. "कशाला उगाच," एवढंच म्हणाले. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा संपेपर्यंत त्यांच्या गप्पा चालू होत्या. फोंडा घाट उतरताना ते झोपले होते. मी मात्र जागी होते, कारण आपल्याकडच्या डोळ्यांना इतका हिरवा रंग एकदम झेपत नाही. खाली उतरल्यावर हवा अंगाला ओल्या पंच्यासारखी चिकटली.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव रेश्मा, वय तिशीचं. पाठीमागे त्यांच्या आईची खानावळ. आधी जेवायला बसलो. ताटात भाताचा डोंगर, बांगड्याचं तिखलं, वाटीत सोलकढी. आजोबांनी भाताकडे बघितलं आणि पिशवीतून आपली कडक भाकरी काढली.

"ह्या काय? पापड?" रेश्माच्या आईने विचारलं.

"भाकरी. ज्वारीची."

"इतकी कडक? खंयसून इलात तुम्ही?"

"सोलापूरहून."

"आणि वल्हा कित्याक व्हया? थंय पाणी खंय असा?"

आजोबांना हे लागलं. "एक अख्खं धरण आहे," ते म्हणाले आणि भाकरी सोलकढीत कुस्करली. ते मिश्रण काही चांगलं लागत नव्हतं, पण त्यांनी तोंड वाकडं न करता संपवलं. रेश्माच्या आईंनी मग आमची शेंगाचटणी चाखली. डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली, आणि तह झाला. सकाळी त्यांनी आमच्यासाठी घावणे केले, जाळीदार आणि इतके मऊ की हातात धरले तर गळून पडतील. आपल्याकडे भाकरी मोडल्याचा आवाज शेजारच्या घरात जातो, इथे जेवणाचा आवाजच नाही.

आणखी एक गंमत. तिथे सगळं भरती-ओहोटी बघून चालतं. "पाणी कधी येणार?" असं कुणी विचारलं की मी सवयीने बादल्या शोधायला लागायची. सोलापुरात तो प्रश्न नळाचा असतो. तिथे तो समुद्राचा होता.

आता वल्ह्याचं सांगते, नीट वाचा. दुपारी रेश्माने दोन वल्ही वाळूत शेजारीशेजारी उभी केली. लाटांवरचं वल्हं आखूड असतं. माणूस गुडघे वाकवून, खाली दबून उभा असतो, आणि हात पटकन इकडचा तिकडे करावा लागतो. पातं रुंद असतं, कारण लाट पकडायला दोन-चार जोरदार हिसके पुरतात. लांब पल्ल्याचं वल्हं उंच असतं, म्हणजे ताठ उभं राहून वल्हवता येतं. पातं अरुंद, कारण हजारदा पाणी ओढायचं तर प्रत्येक वेळी थोडंच ओढलेलं बरं.

"काका, तुम्हाला लाटांवर जायचंय की लांब?"

"लांब. धरण पार करायचंय."

"मग सरळ उभे राहा आणि उजवा हात वर करा. वल्ह्याची मूठ मनगटाशी आली पाहिजे."

त्यांनी हात वर केला. तो कानापर्यंत गेला आणि कोपरात वाकून तिथेच थांबला. रेश्मा पेन्सिल घेऊन थबकली.

"काका, हे तर लाटांचं माप झालं. हात अजून सरळ करा ना."

"सरळच आहे की."

मी सावलीत खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच ओरडले, "अहो, ताठ उभे राहा!" लग्न झाल्यापासून प्रत्येक फोटोच्या वेळी हेच ओरडत आले आहे. त्यांनी कंबर एका बाजूला कलती केली, म्हणजे हात जरा वर गेल्यासारखा दिसावा. मला वाटलं, वाळूत पाय रुतताहेत.

मग एकदम म्हणाले, "हे बघा, लाटांचंच द्या. पोरं आली की त्यांना घेऊन इथेही येऊ. दोन्हीकडे चालेल असं एकच बरं."

"दोन्हीकडे चालत नाही, काका," रेश्मा म्हणाली. "आखूड वल्हं घेऊन लांब गेलात तर वाकावं लागतं, आणि रुंद पात्याने खांदा धरतो."

"बघू की."

रेश्माने माझ्याकडे बघितलं. दोन्हीकडे चालेल असं एकच, हे वाक्य आपल्या घरात नेहमीच पटत आलं आहे. तुमच्या बाबाचा शाळेचा बूट याच न्यायाने लग्नाकार्यातही चालायचा. मी म्हटलं, "द्या, तेच द्या." तिने खुणेवर करवत चालवली, दांड्याचा तुकडा वाळूत पडला, आणि गरम डिंकाने मूठ पक्की बसवली. कापलेलं वल्हं पुन्हा लांब होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाटा लहान होत्या. आजोबा बोर्डावर उभे राहिले, उजव्या बाजूला दोन-तीनदा पाणी मारलं, लाटेने त्यांना उचललं आणि थेट किनाऱ्यावर आणून टाकलं. खानावळीतली सगळी माणसं बाहेर येऊन टाळ्या वाजवत होती. टाळ्या वाजवण्याच्या नादात माझी एक चप्पल लाटेने नेली. ते चार वेळा गेले, चार वेळा आले, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या दाढीत वाळू होती. इतके खूश ते तुमच्या बाबाच्या लग्नातही नव्हते. मी परत येताना अनवाणी होते आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

लहान लाटेवर सरळ किनाऱ्याकडे येताना बाजू बदलावी लागत नाही. दोन हिसके द्यायचे, पुढचं काम लाट करते. हे मला तेव्हा समजलं असतं तर पुढचं टळलं असतं.

उजनी

दिवाळीनंतर आम्ही करमाळा तालुक्यातल्या एका काठावरच्या गावात गेलो. धरण काठोकाठ भरलेलं. सकाळी पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. अर्ध्या बुडालेल्या बाभळींवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते, आणि पलीकडे उसाची हिरवी रेघ व एक पाण्याची टाकी दिसत होती. ती टाकी हे आमचं ठिकाण. दही-धपाटे डब्यात घेतले होते, टाकीखाली बसून खायचे म्हणून.

मासेमारी करणारा नामदेव आणि त्याची बायको सुरेखा आपली पत्र्याची होडी घेऊन बरोबर येणार होते. ही अट माझी होती. मी होडीत, आजोबा बोर्डावर. बोर्ड फुगवताना दोघं कमरेवर हात ठेवून बघत होते.

"आज्जी, ही काय गादी हाय व्हय?" सुरेखाने विचारलं.

"यावर उभं राहून जायचं असतं."

"उभ्यानं? आन बसायला काय झालं?"

"शेरातली मानसं हायती," नामदेव म्हणाला. "बसून बसून कट्टाळली असतील."

"आन ह्ये? उलथनं?" सुरेखाने वल्ह्याचं रुंद पातं उलटंपालटं केलं. "आजोबा, धरणाचं थालपीठ परतायचंय का काय?"

"परतूनच दाखवतो, थांब की," आजोबा म्हणाले, आणि निघाले.

सुरुवात छान झाली. रुंद पात्याने बोर्ड सपकन पुढे जायचा आणि नामदेवला मोटर लावावी लागली. पण दांडा आखूड असल्यामुळे ते पाण्यापर्यंत वाकत होते, विहिरीत डोकावल्यासारखे. थोड्या वेळाने बोर्ड आमच्या होडीकडे यायला लागला. आम्ही त्यांच्या डावीकडे होतो. नामदेवने होडी लांब नेली. बोर्ड पुन्हा आमच्याकडेच.

"आवो, होडी नीट धरा की, आजोबांना धडकाल," सुरेखा म्हणाली.

"मी कुटं हलतोय? त्येच यायलेत हिकडं."

"आजोबा, परदक्षिणा घालताय व्हय आमाला? आमी काय देव न्हाय!"

आजोबा नुसते हसले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. ते फक्त उजव्या बाजूने वल्हवत होते. एकाच बाजूने वल्हवलं की बोर्ड दुसऱ्या बाजूला वळत जातो. सरळ जायचं तर अधूनमधून डावीकडून वल्हवावं लागतं, आणि डावीकडून वल्हवायचं तर उजवा हात वर, मुठीवर, कपाळाच्या पुढे न्यावा लागतो. बोर्डाबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात मी हे वाचलं होतं, चित्रासकट.

"बाजू बदला की!" मी ओरडले.

"बदलतो, बदलतो."

नाही बदलली. वाकडे जायचे, मग पातं पाण्यात धरून बोर्ड कसाबसा सरळ करायचे, पुन्हा वाकडे. निम्म्याहून जास्त पाणी संपलं असेल तेव्हा वारं सुटलं. पलीकडच्या टाकीवर लिहिलेली अक्षरं आता वाचता येत होती. वाऱ्याने बोर्डाचं तोंड फिरवलं आणि दुसरा उपाय राहिला नाही. त्यांनी उजवा हात वर नेला. तो हनुवटीपर्यंत गेला. तिथून त्यांनी तो जोराने वर ढकलला आणि त्यांचं तोंड उघडलं. आवाज आमच्यापर्यंत आला नाही. वल्हं हातातून सुटून पाण्यावर पडलं आणि वाऱ्याबरोबर लांब जायला लागलं. ते मात्र बोर्डावर तसेच उभे, एस. टी.ची वाट बघत असल्यासारखे, उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून.

नामदेवने आधी त्यांना गाठलं, मग वल्हं. होडी बोर्डाला लावली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून."

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"मग."

सुरेखा पाण्याकडे बघत बसली. मी मनातल्या मनात मागे जात होते. गणपतीपासून ते डोक्यातून घालायचा सदरा सोडून पुढून बटणांचा शर्ट घालत होते. मला वाटलं, आवड बदलली. कपडे वाळत घालायचं त्यांचं काम त्यांनी गुपचूप माझ्याकडे दिलं होतं, त्याला मी आळस म्हटलं. भाड्याची गाडी. वाळूतला तो अर्धा हात. एकेक गोष्ट मी पाहिली होती आणि एकेकीला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवली होती. ते वल्हं त्यांच्या खांद्याने स्वतःच्या मापाचं निवडलं होतं. पाण्याचं माप त्यात नव्हतंच.

नामदेवने खाकरून घसा साफ केला. "आजोबा, आसं करू. पल्याड न्हेतो होडीनं. बोर्ड काठाला लावू, तुमी उभं ऱ्हावा, आज्जी फोटू काढतील. कुनाला कळतंय?"

खरं सांगते, मी मोबाइल हातात घेतला होता. टाकी इतकी जवळ होती. डब्यात धपाटे होते.

आजोबांनी टाकीकडे बघितलं. "नको," म्हणाले. "फोटो पाठवला की अर्णव विचारणार, वल्हं कसं चाललं. मग काय सांगू त्याला?"

"सांगायचं, झ्याक चाललं."

"नको, नामदेव. फिरव."

जाळ्याची दोरी बोर्डाच्या कडीला बांधली. सुरेखा म्हणाली, "या की होडीत, बसा. हात दुखत आसंल." ते म्हणाले, "उभ्यानं आलो, उभ्यानंच जातो." डावा हात सैल सोडलेला, उजवा छातीशी, असे ते आलेलं सगळं पाणी परत आले. मी होडीत तोंड मागे करून बसले होते. आम्ही समोरासमोर होतो. धपाटे आम्ही त्याच काठावर, निघालो तिथेच खाल्ले. सुरेखाला फार आवडले. तिने वर धरणातली तळलेली चिलापी मासळी दिली. खाताना ती म्हणाली, "आजोबा, पुढल्या वर्सी जावा की. पानी कुटं पळून चाललंय?" आजोबा "व्हय, व्हय" म्हणाले, तिच्यासारखंच.

सोलापूर

डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडला आहे आणि फार दिवस तसाच दामटला आहे. सुरुवातीलाच व्यायाम केले असते तर बराच मोकळा झाला असता. पाण्यावर जोर लावताना आत आणखी काही दुखावलं. रोज सकाळी ते दाराजवळच्या भिंतीवर बोटं चालवत वर नेतात. खिडकीच्या कठड्याएवढ्या उंचीवर ती थांबतात. तिथून पुढे जात नाहीत, आणि आता जाणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. हात डोक्यावर नेऊन ताकद लावायचं काम कायमचं बंद.

मला त्यांच्यावर राग येतो, मग माझ्यावर येतो, मग दोन्ही ओसरतात. एकदा मी म्हटलं, "माझ्या नकाराला इतके घाबरलात?" ते म्हणाले, "नकाराला नाही गं. आखडला म्हटलं की डॉक्टर, मग पट्टा, मग 'आता वय झालं, घरी बसा.' एकदा ते वाक्य सुरू झालं की थांबत नाही." मी ते वाक्य बोललेच असते. अजूनही जिभेवर येतं.

तेव्हा अर्णव, लांब पल्ल्याचं वल्हं आणू नकोस. आणि मुक्ता, लाटांचं वल्हं वापरायला शिकवू नकोस. दोन्ही चांगलीच असतात, ते मला आता कळतं, पण दोन्हींना वर जाणारा हात लागतो. उजनी त्यांच्याकडून पार होणार नाही. फोनवर तो विषय काढू नका. ते स्वतः काढतील तेव्हा ऐका.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही दोघंच हिप्परग्याच्या तलावावर गेलो. बोर्ड मीच फुगवला. फुगवायला चांगलाच दम लागतो. मग साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि दोरी धरून काठाकाठाने चालत राहिले. ते बोर्डावर हात खाली सोडून उभे होते. गाळात माझा पाय घसरला, दोरीला हिसका बसला, बोर्ड चांगलाच डगमगला. मी घाबरून वर बघितलं. त्यांनी फक्त गुडघे जरा वाकवले, पुन्हा सरळ केले आणि म्हणाले, "चल की पुढे."

पाण्यावर उभं राहणं त्यांना अजून येतं.